पहिल्या लॉटची गाडी: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि २१,४०० किलोमीटर

जूनच्या दुसऱ्या शनिवारी लेक माणगावहून परत आली, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, डावीकडचं मॅट ओलंय. काचा तर सगळ्या बंदच होत्या."

मॅट उचललं आणि खालचा गालिचा तळहाताने दाबला. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. आतला फोम पार भिजला होता, म्हणजे हे एका दिवसाचं पाणी नव्हतं. बोट नाकाशी नेलं. कूलंट असतं तर बुळबुळीत लागलं असतं आणि गोडसर वास आला असता. एसीचं असतं तर स्वच्छ असतं. हे गढूळ होतं आणि त्याला कुजक्या पानांचा वास होता. पावसाचंच पाणी, आणि तेही वायपरखालच्या जाळीतून उतरलेलं.

एवढ्या खात्रीने बोलतो, कारण ३१ वर्षं मी हेच काम केलं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात रोड टेस्टिंगला होतो, आधी ड्रायव्हर आणि नंतर सेक्शन सुपरवायझर. २०१९ मध्ये निवृत्त झालो. लेकीने ही गाडी घेतली तेव्हा तिला म्हणालो होतो, वर्षभर चालव, मग लिहीन. आता वर्ष होत आलं, आकडा २१,४०० वर आहे, म्हणून लिहितोय.

छोटी एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, खालून दुसरं व्हेरियंट. रस्त्यावर येईपर्यंत ११ लाख ६० हजार पडले. बुकिंग उघडलं त्याच आठवड्यात पैसे भरले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, शोरूममधून हार घालून गाडी घरी आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक बाजू घेऊन भांडायला लागतात आणि मुद्दा राहून जातो. मी जे सांगणार आहे ते कुठल्याही नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटला लागू पडतं, आणि पहिल्या लॉटची गाडी घेणाऱ्याने ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चांगलं. ते भरपूर आहे.

सस्पेन्शन उत्तम आहे, आणि हे मी सहज म्हणत नाही. जानेवारीत भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरलो. गाडीत चौघं, मागे सामान. खराब रस्त्यावर बहुतेक नव्या गाड्यांचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका बसतो आणि पाठोपाठ डॅशबोर्डमधून काहीतरी कुरकुरतं. इथे चाकाचा आवाज येतो, हिसका येत नाही. मागचं चाक त्याच खड्ड्यात पडतं तेव्हा गाडी एकदाच बसते आणि उठते, दुसऱ्यांदा डोलत नाही. हे कागदावर आखून जमत नाही. कोणीतरी या गाडीला महिनोन्‌महिने वाईट रस्त्यावर बडवलंय, स्प्रिंगा बदलल्यात, शॉकॲब्सॉर्बरचा व्हॉल्व्ह बदललाय, पुन्हा त्याच रस्त्याला लावलीय. त्या ड्रायव्हरांची नावं कुठे छापून येत नाहीत, पण त्यांची पाठ या सीटवर बसल्यावर मला कळते.

एसीही तसाच. एप्रिलमध्ये सोलापूरला लग्न होतं. दुपारी दीडला गाडी उन्हातून काढली तेव्हा आत हात लावायची सोय नव्हती. पाचव्या मिनिटाला मागे बसलेली नात म्हणाली, "आजोबा, थोडं कमी करा." आंबोली घाट उतरताना मुद्दाम ब्रेकवर जास्त भिस्त ठेवून पाहिली. वास आला नाही, पेडल खाली गेलं नाही. क्लच हलका आहे, हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेतही गुडघा दुखत नाही. ॲव्हरेज शहरात साडेबारा, हायवेला पावणेअठरा. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरून काढलेलं, स्क्रीनवरचं नव्हे. स्क्रीन जवळपास एक किलोमीटर जास्त दाखवते.

थोडक्यात, उन्हाळा, घाट, खड्डे, गर्दी या सगळ्यांत गाडी पुरी पडली. पावसात पडली नाही. आणि हे वाटून गेलेलं नाही, शोधून काढलेलं आहे, ते सांगतो.

रविवारी सकाळी अंगणात फुलझाडांची झारी घेतली आणि वायपरखालच्या काळ्या जाळीवर हळूहळू पाणी सोडलं. या जाळीला आम्ही काऊल म्हणतो. काचेवरून वाहणारं पाणी तिथे जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकाच्या वर बाहेर पडतं. एक झारी, दोन झाऱ्या; आत ठिपका नाही. मग आठवलं, लेकीने माणगावला गाडी रस्त्याच्या कडेला लावली होती. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते. आपण डावीकडे लावतो, म्हणजे गाडी डावीकडे कलते. उजव्या चाकांखाली दोन फळ्या सरकवल्या, गाडी कलती केली आणि परत झारी घेतली. या वेळी काऊलमधलं सगळं पाणी डाव्या कोपऱ्यात गोळा झालं. नळीच्या तोंडावर आंब्याची दोन पानं अडकली होती, ती मुद्दाम काढली नाहीत. पाणी चढायला लागलं.

ग्लोव्ह बॉक्स काढून, टॉर्च दातांत धरून खाली वाकलो. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात एक भोक असतं. त्यातून वायरिंगचा जुडगा, म्हणजे हार्नेस, आत येतो. भोकाला रबराची चकती बसवलेली असते, ती ग्रॉमेट. त्या ग्रॉमेटच्या खालच्या ओठाचा नखाएवढा भाग आत दुमडला होता. दुमड आतल्या बाजूने होती, बाहेरून दिसली नसती. तिथे आधी थेंब जमला, मग लोंबला, मग वायरीच्या टेपवरून सरकत खाली गेला. त्याच्यामागून दुसरा. मी मोजले, मिनिटाला बावीस थेंब.

त्याहून जास्त मला दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटलं. हार्नेस वरून सरळ तिरका येऊन भोकात शिरत होता. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा असतो. पाणी वायरीवरून घसरत येतं, झोलाच्या तळाशी पोचतं आणि तिथून खाली गळून पडतं. वर चढून भोकात जात नाही. घराला बाहेरून केबल आत घेतानासुद्धा चांगला वायरमन एवढा झोल देतो. इथे जुडगाच चार बोटं तोकडा होता, झोल द्यायला जागाच नव्हती. म्हणजे ग्रॉमेट बसवणाऱ्या पोराचा हात चुकला एवढंच नाही. ग्रॉमेट जरा चुकलं तर पाणी अडवायला मागे दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.

आता वाचणारा विचारेल, एवढ्या मोठ्या कंपनीने पावसात गाडी चालवून पाहिली नसेल का? नक्की पाहिली असणार. पण कुठली गाडी पाहिली, हा खरा प्रश्न आहे.

नवी गाडी बनते तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांना प्रोटो म्हणतात. त्यांचे रबराचे, प्लॅस्टिकचे भाग सॉफ्ट टूलवर काढलेले असतात, म्हणजे थोड्या नगांपुरत्या, स्वस्तात बनवलेल्या साच्यावर. व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारा, ते हाताने कातरून, तासून देतो. प्रोटो जोडणारे आमचे फिटर एकेक ग्रॉमेट साबणाचं पाणी लावून, बोट फिरवून बसवतात. त्या गाडीत पाणी शिरत नाही. रोज शेकडो गाड्या काढायच्या तर हार्ड टूल, म्हणजे पक्का साचा लागतो. ते बनायला महिने लागतात, पहिला नग आला की साच्यात दुरुस्त्या निघतात, दुरुस्तीला पुन्हा आठवडे. असे शेकडो भाग, शेकडो व्हेंडर. जो उशीर होतो तो सगळा शेवटाला येऊन साठतो, आणि शेवटाला कोण उभं असतं? रोड टेस्टिंग. डिझाइनला दोन महिने उशीर झाला, टूलला दीड महिना झाला, तरी एसओपीची तारीख, म्हणजे उत्पादन सुरू करायचा दिवस, जागची हलत नाही. मधली जागा आमची, ती आकसते.

बरं, किलोमीटर आकसत नाहीत. हिशेब मी तोंडपाठ सांगू शकतो. गावरस्ता, घाट, शहर, हायवे असा मिळून जुळून फेरा असेल तर सरासरी ताशी ३५ धरा. आठ तासांच्या शिफ्टमध्ये तपासणी, डिझेल-पेट्रोल, जेवण, लॉगबुक जाऊन चाक फिरतं सहा तास. तीन शिफ्ट मिळून दिवसाला ६३०. एक लाख किलोमीटर करायचे तर १५९ दिवस, तेही गाडी एकदाही बंद न पडता. आणि टेस्टची गाडी बंद पडावी म्हणूनच तर चालवायची असते. ६० हजारांवर एखादा भाग तुटला, नवा बसवला, की त्या भागाचं मीटर पुन्हा शून्यावर. खडबडीत ट्रॅकवर थोडक्या किलोमीटरांत जास्त मार देता येतो; पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय संस्था १९६६ पासून आहे, नगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचा ट्रॅक आहे, २०२१ मध्ये पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक झाला. त्यासाठी पूर्वी गाड्या परदेशी न्याव्या लागत. पत्रा आणि वेल्डिंग यांचा कस ट्रॅकवर लवकर लागतो. रबराचं वय मात्र ट्रॅकवर वाढत नाही, त्याला ऊन आणि पाणी लागतं.

आणि जुलै वर्षातून एकदाच येतो. शिफ्ट वाढवता येतात, गाड्या वाढवता येतात, ड्रायव्हर दुसऱ्या प्लान्टमधून मागवता येतात. मोठ्यातला मोठा साहेब फेब्रुवारीत ताम्हिणी घाटात पाऊस पाडू शकत नाही. कारखान्यात शॉवर टेस्ट असते, प्रत्येक गाडी काही मिनिटं फवाऱ्याखालून जाते. पण तिथे गाडी सपाट फरशीवर असते, काऊल नवंकोरं असतं, आंब्याची पानं नसतात, वारा नसतो. डावीकडे कलून रात्रभर पावसात उभी राहणारी गाडी फक्त पावसाळ्यात सापडते.

लेकीच्या गाडीच्या चॅसी नंबरातली महिन्या-वर्षाची अक्षरं वाचली तर ती सप्टेंबर २०२४ मध्ये बनलेली आहे. मॉडेल बाजारात आलं ऑगस्टमध्ये. मागे मोजत गेलं तर पक्क्या साच्यातले भाग उन्हाळ्याच्या आसपास आले असणार. म्हणजे त्याआधीचा पूर्ण पावसाळा, २०२३ चा, प्रोटोंनी पाहिला. ज्या रबराची गाडी आपण विकत घेतली त्या रबराने पहिला पुरा पावसाळा पाहिला तो २०२५ चा, गिऱ्हाइकाच्या दारात. आणि २०२५ ला पाऊसही असा आला की मुंबईत २६ मेलाच मान्सून दाखल, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. कंपनीच्या आतलं मला ठाऊक नाही, हा माझा अंदाज आहे. पण हा क्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की पैज लावायला तयार आहे.

दसरा-दिवाळीची तारीख कंपनी उगाच धरत नाही, हेही न्यायाने सांगायला हवं. लाइन उभी आहे, माणसं भरती झालीत, व्हेंडरांनी भोसरीत-चाकणला कर्ज काढून माल बनवून ठेवलाय, डीलरांनी बुकिंग घेतलंय. एक सण हुकला की पुढचा मोठा सण पाडवा, सहा महिने लांब. छोट्या व्हेंडरचं सहा महिन्यांत दिवाळं निघतं. काही तारखा तर कंपनीच्याही हातात नसतात. मी निवृत्त होताना सगळा विभाग बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या धावपळीत होता. १ एप्रिल २०२० पासून जुन्या नियमांची, बीएस-४ ची नवी गाडी विकता येणार नाही, कोर्टाने सांगितलेलं. चांगले ड्रायव्हर, चांगल्या गाड्या सगळ्या धुराच्या चाचण्यांना लागल्या. मग दाराच्या रबराकडे, वायरीच्या झोलाकडे कोण बघणार? कोणी बेफिकीर नव्हतं. माणसं मोजकी आणि तारीख एक.

१९९७ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या टेस्टिंगच्या खोलीत फळ्यावर कोणीतरी एक कात्रण टाचलं होतं. मर्सिडीझची नवी ए-क्लास, नुकतीच विक्रीला आलेली, स्वीडनच्या एका मासिकाच्या पत्रकाराने अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवतात तशी वळवली आणि ती उलटली. जगातली सगळ्यात जुनी मोटार कंपनी, तिच्या पाठीशी केवढी टेस्टिंग, आणि गाडी गिऱ्हाइकांकडे गेल्यावर हे कळलं. आमच्यातले दोन-चार जण आनंदाने बघत होते, मोठ्यांचं पडलं म्हणून. आमचे उस्ताद मात्र गप्प उभे होते. नंतर त्यांनी पुढची बातमी मागवून वाचली. कंपनीने सुमारे १२ आठवडे गाड्या द्यायच्या थांबवल्या, सस्पेन्शन बदललं, गाडी घसरताना सावरणारी ईएसपी यंत्रणा सगळ्यांना फुकट बसवून दिली, विकलेल्या गाड्याही परत बोलावल्या. उस्ताद म्हणाले, "हे बारा आठवडे आधी मागितले असते तर कोणी दिले असते का?"

आपल्याकडे वर्षभराने पिंपरीत इंडिका आली, डिसेंबर १९९८ मध्ये. एका आठवड्यात एक लाख १५ हजारांच्या आसपास बुकिंग, तेही पूर्ण पैसे भरून. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीने भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-२ काढली. तीच पुढे घरोघर आणि टॅक्सी स्टँडवर दिसली. त्या वेळी ज्यांनी दोन वर्षं वाट पाहिली त्यांना बरी गाडी मिळाली, हे पुण्यातल्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकला विचारा.

यावर उपाय नाही असं नाही. एक मी स्वतः पाहिलाय. २००० नंतरची गोष्ट, आमच्याच कारखान्यातली. एका मॉडेलवर इंजिनखालच्या ब्रॅकेटला ४१ हजारांवर केसाएवढी चीर दिसली. रात्रीच्या शिफ्टच्या ड्रायव्हरने पकडली. पहाटे चारला शिरूरजवळ चहाला थांबला होता, गाडी बंद करताना त्याला नेहमीपेक्षा वेगळा थडथडाट जाणवला. आडवा होऊन त्याने खाली टॉर्च मारला. उत्पादन सुरू व्हायला पाच आठवडे होते. नव्या ब्रॅकेटवर परत ४१ हजार करायला किमान नऊ-दहा. मीटिंगमध्ये आवाज चढले. उत्पादनाचे साहेब म्हणाले लाइन थांबणार नाही. आमचे साहेब म्हणाले गाडी जाणार नाही. शेवटी दोघांचंही खरं केलं: लाइन ठरल्या दिवशी सुरू झाली, पण एकही गाडी गेटबाहेर गेली नाही. बनलेल्या गाड्या यार्डात ओळीने उभ्या केल्या. इकडे तीन गाड्या नव्या ब्रॅकेटवर रात्रंदिवस पळवल्या. नव्या ब्रॅकेटचीही वेल्डिंगची जागा दोन सूत सरकवावी लागली. मग यार्डातच उन्हात छत बांधून, जॅक लावून, प्रत्येक गाडीचं ब्रॅकेट बदललं. त्यानंतर डिस्पॅच सुरू झाला. व्हेंडरांचा माल उचलला गेला, पोरांचा पगार चालू राहिला आणि गिऱ्हाइकाकडे चिरलेलं ब्रॅकेट गेलं नाही. पैसा अडकला, खूप अडकला. पण ते यार्ड आठवलं की मला आजही बरं वाटतं.

लेकीच्या गाडीलाही असंच यार्ड मिळालं असतं तर? एक पावसाळा नको, पंधरा दिवस पुरले असते. सप्टेंबरात कोकणात पाऊस असतोच. पक्क्या साच्यातल्या पाच गाड्या महाड-पोलादपूरला नेऊन रात्रभर रस्त्याच्या कडेला लावून ठेवायच्या आणि सकाळी गालिचा दाबून बघायचा. एवढंच काम.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्या खेपेला सर्व्हिस ॲडव्हायझर पोराने गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी फोन केला, "काका, शॉवर टेस्ट केली, पाणी येत नाहीये. गालिचा सुकवून दिलाय." मी दुसऱ्या दिवशी फळ्या घेऊनच गेलो. म्हणालो, "बाळा, गाडी डावीकडे कलती कर आणि दहा मिनिटं माझ्यासोबत बस." तो बसला. थेंब पडायला लागल्यावर त्याने स्वतः वाकून व्हिडिओ काढला आणि जॉबकार्डवर सगळं नीट लिहिलं. पोरगा चांगला आहे, त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं एवढंच. गालिचा उचलल्यावर सीटखालच्या एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तांबं खायला लागलेलं. तो जुडगा सीटखालून पुढे कुठे कुठे जातो याचा विचार केला तर ओलं मॅट ही नुसती वासाची तक्रार राहत नाही. कनेक्टर वॉरंटीत बदलून घेतला.

तीन आठवड्यांनी ग्रॉमेट आलं. जुनं आणि नवं मी शेजारी ठेवून पाहिलं. पार्ट नंबर तोच, शेवटचं अक्षर 'ए'चं 'बी' झालेलं. नव्याचा ओठ जाड आहे आणि कडेला एक उभी कणी, म्हणजे बारीक उंचवटा दिलाय, म्हणजे आत दुमडला तर हाताला लगेच लागेल. म्हणजे कंपनीला दोष कळला, तिने तो सुधारला, आणि चांगला सुधारला. ज्याने ती कणी सुचवली त्याला माझा नमस्कार. पण लेकीला ना मेसेज आला ना पत्र. जो भांडेल त्याला नवा ग्रॉमेट, बाकीच्यांचा फोम कुजत राहणार. सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर गाड्या परत बोलावण्याचा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. ओला गालिचा कदाचित त्यात बसत नसेल. तरीही पहिल्या लॉटच्या प्रत्येकाला एक फोन करणं कंपनीला अवघड नव्हतं. बुकिंगच्या वेळी दिवसाला तीन फोन येत होते. माझी खरी तक्रार हीच आहे. उशीर सगळ्यांना होतो, चूक सगळ्यांकडून होते, पण ती कळल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही हे तरी आपल्या हातात असतं.

झोलाचं काम मी घरी केलं. हार्नेस वरच्या क्लिपमधून सोडवला, दोन केबल टाय लावून जरा खाली ओढला, तीन बोटं झोल मिळाला. वॉरंटीवर गदा येऊ नये म्हणून कुठेही टेप कापली नाही.

स्क्रीनबद्दल फार लिहीत नाही. रिव्हर्स कॅमेरा पहिल्या चार महिन्यांत सहा वेळा काळा पडला, दोन अपडेट आले, आता ठीक आहे. नव्या गाड्यांत हल्ली ही सवय दिसते: आधी गाडी देऊ, मग घरबसल्या दुरुस्त करू. सॉफ्टवेअरला ते चालतं. मागच्या दाराच्या खालच्या रबरातून मुंबई-गोवा महामार्गाची लाल धूळ डिकीत येते, ती अपडेटने जात नाही. मागच्या दिव्यांत पावसात वाफ धरते, उन्हात निघून जाते. हॉर्न बारीक आहे, ट्रकवाल्याला ऐकू जात नाही, दुसरा बसवला.

घ्यावी का? घ्यावी. चालवायला या किमतीत मला याहून बरी गाडी माहीत नाही. पण २०२५ च्या ऑगस्टनंतर बनलेली घ्या. शोरूममध्ये पैसे भरायच्या आधी चॅसी नंबर मागा, महिना बघा. आणि गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा डावीकडचं मॅट उचलून हात घाला, ग्रॉमेटच्या कडेला ती उभी कणी लागते का बघा. सेल्समन घाई करेल, मुहूर्त टळतोय म्हणेल. पाच मिनिटांनी काही टळत नाही. कुठल्याही कंपनीचं अगदी नवं मॉडेल असेल आणि थांबता येत असेल तर एक पावसाळा जाऊ द्या.

दुरुस्तीनंतर ऑगस्टात आम्ही ताम्हिणीतून माणगावला गेलो. पाऊस असा की वायपर शेवटच्या वेगावर ठेवूनही समोरचा टेम्पो दिसत नव्हता. रात्री गाडी मुद्दाम रस्त्याच्या उतरत्या कडेला लावली. निघताना दोन्ही मॅटांखाली वर्तमानपत्राचा एकेक कागद घातला होता, उस्तादांची पद्धत. ओला झालेला कागद वाळला तरी सुरकुततो, लपत नाही. सकाळी सातला दोन्ही कागद काढले. उजवा कोरडा. डावाही कोरडा, घडीसुद्धा कडक होती.

लेकीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हीच गाडी २०२४ च्या नोव्हेंबरात घेतली आहे. तिला वाटत होतं, वास कुत्र्याचा येतोय. काल फोटो मागवला, तिचाही हार्नेस सरळच आहे. रविवारी झारी, दोन फळ्या आणि केबल टाय घेऊन तिकडे जाणार आहे.